नवतपा, जिन्यातली जगाची सफर आणि उरलेल्या दोघी

वाळ्याची_ताटी (सोमवार, सकाळी ११:१०)

नमस्कार मंडळी. आधी हकिगत सांगते, मग अडचण. जरा लांबेल.

आमची इमारत नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, तीन मजली, जुनी. मे महिन्यात, त्यातही नवतप्याच्या त्या कडक नऊ दिवसांत, सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नाही. घरात कूलरसमोर बसवली की तासाभरात एकमेकांच्या झिंज्या धरतात. सगळ्यात गार जागा म्हणजे जिन्याखालचा बोळ, पाण्याच्या टाकीला लागून. गेल्या वर्षी तिथे कॅरम होता, पण राणी हरवली आणि सगळे एकमेकांना चोर म्हणू लागले.

यंदा मी सासऱ्यांचा जुना भिंतीवरचा जगाचा नकाशा काढला. त्यात सोव्हिएत युनियन अजून एकसंध आहे, पण समुद्र आपापल्या जागी आहेत, तेवढं पुरे. मुलं सात, वय सात ते अकरा. टोपीत सात चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येकीवर जगातून नाहीसा होत चाललेला (किंवा एकदा होऊन गेलेला) एक प्राणी किंवा पक्षी. वाकीटा, काकापो, कॅलिफोर्नियाचा कंडोर, अरबी ओरिक्स, उत्तरेकडचा पांढरा गेंडा, खवल्या मांजर, आणि आपला माळढोक. आठवडाभरात शोधून काढायचं: कुठे राहतो, काय खातो, कमी का झाला आणि त्याच्यासाठी कोण धडपडतंय. शनिवारी संध्याकाळी नकाशावर टिकली लावून सगळ्यांना सांगायचं. वर पन्हं.

पहिला नंबर माझ्या लेकीचा (वय नऊ). तिच्याकडे वाकीटा. मेक्सिकोच्या वायव्य भागातलं कॅलिफोर्नियाचं आखात, त्याच्या वरच्या टोकाला राहणारा डॉल्फिनच्या नात्यातला जीव. जगात दुसरीकडे कुठेच नाही. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, काजळ फिसकटल्यासारखी. नावाचा अर्थ स्पॅनिशमध्ये छोटी गाय. १९९७ च्या मोजणीत सहाशेच्या आसपास होते, आता दहाच्या आसपास. जाळी त्यांच्यासाठी लावतच नाहीत. ती असतात तोतोआबा नावाच्या माशासाठी, ज्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये भारी भाव मिळतो. "मग चुकून सापडले तर सोडून द्यायचं ना," खालच्या मजल्यावरची म्हणाली. लेक म्हणाली, सोडणार कसं, तोवर बुडून मेलेले असतात. यावर दहा मिनिटं वाद: पाण्यातला जीव बुडतो कसा? त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं हे पटायला बादली आणि नाक दाबून बघणं, दोन्ही प्रयोग झाले.

दुसरा नंबर दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा, वय आठ. त्याच्या चिठ्ठीत उत्तरेकडचा पांढरा गेंडा. पाठ करून आला होता बिचारा. सुदान नावाचा शेवटचा नर १९ मार्च २०१८ ला केनियातल्या ओल पेजेता अभयारण्यात मेला. आता उरल्यात नाजिन आणि फातू, दोघी मादी. नाजिन आई, फातू तिची लेक. चोवीस तास बंदूकवाले पहारेकरी.

कुणीतरी विचारलं, "मग आता?"

त्याने हातातला कागद घडी घातला, खिशात ठेवला आणि वर निघून गेला. रात्री जेवला नाही. रविवारी सकाळी त्याची आई दारात. "वहिनी, लेकराला सुट्टीत हे कशाला सांगता? रात्रभर कूस बदलत होता." मला काही उत्तर सुचलं नाही. चहा घेऊन जा म्हटलं, त्या थांबल्या नाहीत.

तर विचारायचं हे, की आठ-नऊ वर्षांच्या मुलांना यातलं किती सांगावं? की वाघ-सिंहांची चित्रं रंगवायला द्यावीत आणि गप्प बसावं?

---

तर्रीबाज (सोमवार, ११:४८)

बाप्पा! ताई, तुमी तर लेकराईले थेट शोकसभेतच बसवलं.

आमच्या पोट्ट्याले मी विचारलं, वाघ कुठं रायते सांग. तर म्हणे उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर. चूक तरी कसं म्हणू, त्यानं तिथंच पाह्यला.

---

निवृत्त_मास्तर (सोमवार, दुपारी १:०५)

ताई, ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यावरून सांगतो. तुमचे चारही प्रश्न बरोबर आहेत, क्रम उलटा आहे. "कोण धडपडतंय" हा प्रश्न शेवटी आला की मूल आधीच खचलेलं असतं. तो पहिला घ्या.

तुमच्याच चिठ्ठीतला कंडोर बघा. अमेरिकेतलं हे महाकाय गिधाड, पंख पसरले की जवळपास तीन मीटर. १९८२ मध्ये २२ उरले. १९८७ मध्ये शेवटचा रानातला पक्षीही पकडून आणला. सगळे मिळून २७, सगळे पिंजऱ्यात. तेव्हा लोकांनी ओरड केली होती, की निदान इज्जतीत मरू द्या त्यांना. पण पाळणाऱ्यांनी एक युक्ती केली. मादी एकच अंडं घालते, ते उचललं तर दुसरं घालते. मग उचललेल्या अंड्यातलं पिल्लू वाढवायचं कुणी? माणसाने भरवलं तर ते माणसालाच आई समजणार. म्हणून हातात कंडोरच्या डोक्याची बाहुली घालायची, स्वतः पडद्याआड राहायचं आणि बाहुलीच्या चोचीने भरवायचं. आज पाचशेहून जास्त आहेत आणि निम्म्याहून अधिक मोकळ्या आभाळात. त्रास संपलेला नाही. शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्यांचे कण मेलेल्या जनावरात राहतात, ते पोटात जाऊन अजूनही मरतात.

मी हा धडा चौथीला पायमोजा घेऊन शिकवला होता. लाल पायमोजा, दोन बटणं, पुठ्ठ्याची चोच. एक पोरगं पिल्लू झालं, एक पडद्याआड. अट एकच, पिल्लाला माणसाचा आवाज ऐकू जाता कामा नये. माझ्या नोकरीत तो वर्ग इतका चिडीचूप पुन्हा कधी बसला नाही. मुख्याध्यापक दोनदा डोकावून गेले, वर्ग आहे की सुटला म्हणून.

---

शंकासुर (सोमवार, २:२०)

मास्तर, पायमोजा झकास. पण मूळ यादीवरच माझा आक्षेप आहे. सातांपैकी एक माळढोक आणि एक खवल्या, बाकी सगळे परदेशी पाहुणे. नागपूरच्या मुलांना न्यूझीलंडचा पोपट कशाला? दीड-दोन तासांत पेंच, तेवढ्याच वेळात ताडोबा, थोडं पुढे गेलं की मेळघाट.

रानपिंगळ्याची चिठ्ठी टाका. ही गोष्ट कुठल्याही गुप्तहेरकथेच्या तोंडात मारेल. तळहाताएवढ्यापेक्षा थोडं मोठं घुबड, दिवसाढवळ्या हिंडणारं. १८८४ नंतर कुणाला दिसलं नाही. संग्रहालयांत पेंढा भरलेले मोजके नमुने तेवढे उरले. त्यातला एक मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा, त्यावर चिठ्ठी १९१४ ची, गुजरातेत मिळाला म्हणून. लोक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी बारकाईने तपासलं तेव्हा कळलं, की या गृहस्थाने संग्रहालयातून जुना नमुना ढापला, पुन्हा नीट शिवला आणि खोटी चिठ्ठी लावली. मग त्यांनी खोटी जागा यादीतून काढली, खऱ्या जुन्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ, सकाळच्या उन्हात, एका झाडाच्या निष्पर्ण फांदीवर तो बसलेला. ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात तर चांगल्या संख्येने सापडला.

चोर आहे, पोलीस आहे, खोटा पुरावा आहे आणि मेलेला माणूस जिवंत निघतो. आणखी काय हवं पोरांना?

---

वाळ्याची_ताटी (सोमवार, २:४१)

शंकासुर, हे मलाच माहीत नव्हतं. आज रात्री सांगते. परदेशी पाहुण्यांचं म्हणाल तर नकाशा भिंतीवर लावलाय, तो नुसता विदर्भावर टिकल्या लावून कसा भरेल?

---

गोळ्या_औषधे (सोमवार, रात्री ९:५५)

दुकान बंद करून आलो. माझं औषधांचं दुकान आहे, गाव सांगत नाही. गिधाडाची गोष्ट माझ्या काउंटरवरून जाते, म्हणून लिहितो.

डायक्लोफिनॅक तुम्ही सगळ्यांनी कंबर धरली तेव्हा घेतलेलं आहे. नव्वदच्या दशकात ते गुरांनाही सर्रास टोचू लागले. जनावर मेलं की गावाबाहेर टाकायचं, गिधाडं तासाभरात साफ करायची. औषध मांसात राहिलेलं, ते खाऊन गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवाहून जास्त गेली. कारण कळायलाच २००३-०४ उजाडलं, तोवर लोक रोग समजत होते. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. मग लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या नेऊ लागले. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही ३ मिलीच्या एकाच मात्रेत विकायचा नियम झाला. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम चालतं, त्याने गिधाडाला काही होत नाही.

माझा मुलगा दहा वर्षांचा, सुट्टीत दुकानात बसतो. ही गोष्ट सांगितल्यापासून कुणी गुरासाठी दुखण्याचं औषध मागितलं की माझ्याआधी तोच विचारतो, "काका, मेलॉक्सिकॅम देऊ का?" एकजण चिडला, लेकरू मला शिकवते म्हणून. मी म्हटलं, दुकान त्याच्याच नावावर होणार आहे.

हरियाणातल्या पिंजोरला पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं आता आपल्या पेंचमध्ये आणून सोडतात, हेही त्याला माहीत आहे. गेल्या दिवाळीपासून पेंचला न्या म्हणून मागे लागलाय. वाघ दिसला नाही तरी चालेल म्हणतो. असा गिऱ्हाईक जिप्सीवाल्यांना क्वचितच मिळत असेल.

---

मोहफुल (मंगळवार, सकाळी ६:१५)

धागा वाचला. राग नका मानू, पण मी भिवापूरकडचा शेतकरी, माह्या घराच्या मागं जंगल हाय.

तुमच्या लेकराईले वाघ चिठ्ठीत भेटते. आमच्या लेकराईले तो शाळेच्या रस्त्यानं भेटू शकते. मोहाच्या दिवसांत आमच्या बाया पायटे चार वाजता फुलं वेचाले जातात, वाकून. वाकलेलं माणूस त्याले चौपाया वाटते असं जंगलखात्याचेच लोक सांगतात. मग तेंदूपत्ता येते. हेच दोन महिने घरात नगद पैसा येते अन् हेच दोन महिने जीव मुठीत. वरून रोही (नीलगाई) अन् डुकरं. तूर उभी राहू देत नाईत. रात्रभर मचाणावर डबडं बडवत बसा.

वाघ नको असं मी म्हणत नाई. माह्या बापानं म्हटलं नाई, मीबी म्हणणार नाई. वाघोबाची पूजा आमीच करतो. पण त्या "कमी का झाला" वाल्या प्रश्नाच्या बाजूला आणखी एक प्रश्न लिहा: त्याच्या शेजारी कोण रायते?

---

वाळ्याची_ताटी (मंगळवार, ७:३०)

भाऊ, राग कसला. पाचवा प्रश्न लिहिला, तुमच्याच शब्दांत. लेकीने लगेच वाकीट्यासाठी उत्तर शोधलं: कोळी. जाळं बंद केलं तर ते काय खातील, हे तिला शनिवारी सुचलंच नव्हतं. आता तिला वाकीटाही वाचवायचाय आणि कोळीही, आणि ती माझ्याकडे बघते आहे.

---

धानाची_बांधी (मंगळवार, ९:००)

मोहफुल भाऊंच्या पाचव्या प्रश्नाला एक उत्तर आमच्या गोंदियाकडून.

आमच्याकडे सारस आहेत. महाराष्ट्रात आता सारस म्हटलं की गोंदिया आणि आसपास एवढंच. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच, माझ्या सातवीतल्या नातवाच्या वर डोकं. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतात, गवताचा हा एवढा ढीग, त्यात दोन अंडी. ढीग केला की तेवढं धान गेलंच. माझे मालक असताना त्यांनी तेवढा तुकडा सोडून दिला होता, रोवणीच्या बायांनाही तिकडे जाऊ देत नसत. शेजारचे हसायचे. नातवाला मी दुरून दाखवलं, म्हटलं जोडीतला एक अंड्यांवर बसतो, एक राखण करतो. तो म्हणाला, आजी, आपल्या घरात दोन्ही कामं तूच करते.

---

सिवनी_रोड (मंगळवार, दुपारी १२:३२)

माझं संत्र्यांचं काम, जबलपूरला महिन्यातून तीनदा जाणं. परवा दोन्ही मुलांना घेऊन गेलो आणि एक खेळ केला, तो लिहितो.

नागपूर-सिवनी चौपदरी करायचा निघाला तेव्हा रस्ता पेंचच्या जंगलातून जातो म्हणून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खांबांवर घेतला, खालून जनावरांना वाट. सगळ्यात लांब ७५० मीटर. बाजूला भिंती, आवाज आणि दिव्यांचा झोत खाली जाऊ नये म्हणून. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ सगळे सापडले आहेत.

मुलांना सांगितलं, नऊ मोजायचे. मोठ्याने अकरा मोजले, धाकटीने सहा, मी नीट गाडी चालवत होतो म्हणून निकाल राखून ठेवला. वरून कळतच नाही हो! आपण त्याच्या डोक्यावरून चाललोय आणि त्याला आपला पत्ता नाही, हीच तर गंमत. धाकटी खवासा येईपर्यंत हळू आवाजात बोलत होती. का म्हणून विचारलं तर म्हणे, खालून कोणी जात असेल तर.

घरी आल्यावर कॅनडातल्या बॅन्फचे फोटो दाखवले. तिथे उलटं, गाड्या खालून आणि अस्वलं वरून, पुलावर झाडं लावलेली. मोठा म्हणाला आपलंच बरं, अस्वल वरून पडलं तर?

---

दूरची_धरमपेठी (मंगळवार, ३:१०)

शंकासुरांच्या "न्यूझीलंडचा पोपट कशाला" ला उत्तर देणं भाग आहे, कारण मी धरमपेठेतली, आणि गेली अकरा वर्षं ख्राइस्टचर्चला राहते.

काकापो न उडणारा पोपट आहे. हिरवा, गुबगुबीत, चार किलोपर्यंत, रात्री हिंडतो. संकट आलं की जागच्या जागी थिजतो. पूर्वी इथे वरून झडप घालणारे पक्षीच काय ते शत्रू होते, त्यांना न हलणारं हिरवं दिसत नसे. मग माणसं मांजरं, उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) घेऊन आली. त्यांना वास येतो, थिजून काय उपयोग? १९९५ मध्ये ५१ उरले होते. आता अडीचशेच्या आसपास, शत्रू काढून टाकलेल्या बेटांवर, आणि प्रत्येकाला नाव आहे. प्रत्येकाच्या पाठीला लहानसा ट्रान्समीटर. आमच्या जुन्या वाड्यात एवढी माणसं नसतील ज्यांची सगळ्यांची नावं कुणाला पाठ होती.

त्यांचं लग्नकार्यही मुहूर्तावर. रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळ धरलं त्याच वर्षी अंडी, एरवी नाही. दोन ते चार वर्षांतून एकदा. नर जमिनीत वाटीसारखा खड्डा करून त्यात बसतो आणि रात्रभर "बूम, बूम" घुमतो, मैलोन् मैल ऐकू जातं.

मुलांसाठी सगळ्यात भारी म्हणजे सिरोको. १९९७ चा जन्म. पिल्लू असताना छातीचा आजार झाला म्हणून माणसांनी हाताने वाढवला. मास्तरांच्या बाहुलीची आठवण करा, इथे नेमकं ते घडलं जे टाळायचं असतं. सिरोको स्वतःला माणूस समजतो, त्याला माद्यांत रस नाही. एका प्राणिशास्त्रज्ञाच्या डोक्यावर चढून त्याने संसार थाटायचा प्रयत्न केला होता. सरकारने २०१० मध्ये त्याला निसर्गसंवर्धनाचा अधिकृत प्रवक्ता नेमलं. खोटं नाही, खरंच.

माझ्या भाचीला फोनवर हे सांगितलं, ती सीताबर्डीच्या बाजारात होती. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्याने हसली म्हणे. म्हणून म्हणते शंकासुर, हसू आलं की मूल शोधायला लागतं, मग तो पोपट कुठलाही असो.

---

शंकासुर (मंगळवार, ३:२६)

माघार. प्रवक्त्याला माझा नमस्कार सांगा.

---

तर्रीबाज (मंगळवार, ४:०२)

आमच्याकडले प्रवक्ते बी खड्ड्यातच बसून घुमतात, पण त्याईची संख्या काही कमी होऊन नाई रायली.

---

निवृत्त_मास्तर (मंगळवार, ५:४०)

ताई, त्या मुलाचं काय झालं? सगळे आपापल्या गोष्टी सांगताहेत, मूळ प्रश्न तसाच राहिला.

त्याला एक सांगता आलं तर सांगा. दोघींवरच गोष्ट संपत नाही. फातूची अंडबीजं काढून विमानाने इटलीतल्या क्रेमोनाच्या प्रयोगशाळेत नेतात, आधी मेलेल्या नरांचं गोठवून ठेवलेलं वीर्य वापरून गर्भ तयार करतात. असे तिसाहून अधिक गर्भ द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवलेले आहेत. ते वाढवायचे दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या मादीच्या पोटात. ते जमू शकतं का याची चाचणी आधी दक्षिणेकडच्याच गर्भावर केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं की गर्भ रुजला होता, सत्तर दिवसांचा झाला होता. ती मादी मात्र भलत्याच जंतुसंसर्गाने गेली, त्याचा गर्भाशी संबंध नव्हता. म्हणजे अजून कुणी जन्मलेलं नाही. पण ही दक्षिणेकडची जातसुद्धा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शंभराच्या आत आली होती, आज हजारोंनी आहे.

सगळं सांगा. ती मादी गेली हेही सांगा. मुलांना गाळलेली जागा लगेच कळते.

---

वाळ्याची_ताटी (गुरुवार, रात्री १०:२०)

मंडळी, दोन दिवस लिहिता आलं नाही, पाण्याची मोटार जळली होती. आता बसा.

मास्तरांचं वाचून मी मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर गेले. मुलाच्या आईची माफी मागितली आणि म्हटलं, त्याला राहिलेली गोष्ट सांगू का? त्या म्हणाल्या, सांगा, पण माझ्यासमोर. योग्यच होतं. सांगितली. त्या मादीचं मरणही सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला: नाजिन आणि फातू भांडतात का? (आई-लेक आहेत, भांडत असतील, असं मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगितलं.) दुसरा: "मग माझे किती धरायचे?"

मला कळेना. धरायचे म्हणजे?

तेव्हा उलगडा झाला. शनिवारच्या आधीपासून मुलांनी आपला खेळ काढला होता, मला न विचारता. पुठ्ठ्याची पानं, प्रत्येकावर प्राणी आणि खाली जगात उरलेली संख्या. दोघांनी एकेक पान टाकायचं, मोठ्या संख्येवाला जिंकणार. अडीचशेवाला काकापो सारखा जिंकायचा, पाचशेवाला कंडोर त्याच्यावर चढायचा. माझ्या लेकीकडे दहा. आणि याच्याकडे दोन. आठवडाभर हा पोरगा प्रत्येक डाव हरत होता. शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्याने "दोन" म्हणावं लागलं आणि वर कुणीतरी विचारलं, मग आता?

त्याची आई आणि मी एकमेकींकडे बघितलं. त्यांना हसू आवरेना आणि मला कळेना की हसावं की काय करावं. रात्री जेवला का नाहीस, असं आईने पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, "सुदान पण मेला ना, आणि पान पण हरतं." यातलं किती खेळाचं आणि किती सुदानचं, ते त्यालाच माहीत. मी पुढे विचारलं नाही.

बुधवारी मुलांची सभा भरली. नियम बदलला: ज्याचे कमी उरलेत तो जिंकणार. लगेच दुसऱ्या मजल्याचा भाव वधारला. खवल्या मांजरवाल्याचं तर पानच कोरं, कारण ते नक्की किती आहेत हे कुणी मोजू शकलेलं नाही. रात्री निघतं, बिळात राहतं, भ्यायलं की चेंडू होऊन बसतं. त्याने संख्येच्या जागी चेंडू काढलाय आणि तो कुठल्याही पानावर चालतो असं त्याचं म्हणणं आहे.

---

सिवनी_रोड (गुरुवार, १०:४१)

ताई, पानांची मापं कळवा. आमच्याकडे संत्र्याच्या पेट्यांचा पुठ्ठा ढिगाने आहे.

---

मोहफुल (शुक्रवार, सकाळी ६:०२)

आमच्या पोरीले वाचून दाखवलं. ती म्हणते रोह्याचं पान ठेवा अन् ते सगळ्याईशी हरू द्या.

---

वाळ्याची_ताटी (शुक्रवार, दुपारी १:१५)

ठेवते भाऊ.

आजची ताजी बातमी. अकरा वर्षांच्या मुलीकडे ओरिक्स आहे. १९७२ मध्ये अरबस्तानच्या वाळवंटातला शेवटचा मोकळा ओरिक्स मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले १९८२ मध्ये ओमानला नेऊन सोडले, आज हजाराच्या वर मोकळे हिंडतात. नव्या नियमात हजार म्हणजे हरलंच. तर ती म्हणते, माझं पान एकदा शून्यावर जाऊन आलंय, दोनपेक्षा शून्य कमी, म्हणून मी सगळ्यांत मोठी. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं, जुनी संख्या चालणार नाही, आजची सांग. यावर ती म्हणाली, आजचीच सांगायची तर तुझे दोन नाहीत, गोठवलेले तीस धरून बत्तीस झाले. हा म्हणतो जन्मल्याशिवाय धरायचे नाहीत. ती म्हणते मग मास्तर आजोबांना विचारा. मास्तर, तुमच्यावर आलंय.

आणि थोड्या वेळापूर्वी त्याची आई पुन्हा दारात. आज हातात वाटी, कैरीचा टक्कू. म्हणाल्या, वहिनी, फ्रीजरमध्ये कुल्फीच्या साच्यांमागे एक डबा निघाला, बघा काय आहे. उघडला. चौकटीच्या वहीचे बारीक कापलेले तीस तुकडे, प्रत्येकावर पेन्सिलने एक गेंडा. काही नुसतेच गोळे, त्याला पाय काढायला कंटाळा आला असावा. झाकणावर लिहिलंय: वीज गेली तर लगेच हाक मारणे.

आमच्याकडे रोज दुपारी तीनला जाते.